तात्याने वाटलेला दात

तात्याला कोणतीही वस्तू सबंध बघवत नसे. सुपारी समोर आली की अडकित्त्याने तिचे दोन तुकडे करायचा, एक मुलीकडच्यांना, एक मुलाकडच्यांना, आणि चुरा स्वतःच्या तोंडात. आमच्या हट्टा गावात सोयरिकीची बैठक तात्यावाचून उठत नसे. "निम्मं तुमी, निम्मं आमी. तकलीफ कुनालाच न्हाई," हा त्याचा निवाडा ठरलेला. एका लग्नात त्याने फोटोवाल्याचा खर्चही वाटून दिला: नवरीच्या फोटोंचे पैसे नवरीकडच्यांनी द्यायचे, नवऱ्याच्या फोटोंचे नवऱ्याकडच्यांनी. दोघांच्या एकत्र फोटोंचं काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

परवा तो वारला. शोकसभेत त्याला न्यायी माणूस म्हणणाऱ्यांत मीही होतो. खरं सांगायचं तर तात्याला न्यायातलं ओ की ठो कळत नव्हतं. पंगतीतलं वरण निवण्याआधी बैठक उठावी, एवढीच त्याची तळमळ. या कामाचा त्याने कधी पैसा घेतला नाही, हे खरं. फुकटचा न्याय लोकांना गोड लागतो, मलाही लागला.

माझ्या मुलाची बैठक शिरड शहापूरला होती. मुलगी सुनंदा. लहानपणी पायरीवर पडल्यामुळे तिचा पुढचा दात काळा पडला होता. वसमतच्या डॉक्टरने आधी रूट कॅनाल, मग वर कॅप, असं काम सांगितलं होतं. पैसे एकरकमी द्या, नाहीतर महिन्याच्या हप्त्याने. तिचे वडील भर बैठकीत म्हणाले, "मी हप्त्यानं भरतो. पर लग्नाच्या आधी लेकराचा दात पुरा करून देतो."

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण तात्याला वाटणी केल्याशिवाय अन्न गोड लागत नसे. "पाव्हणे, पोरगी ह्यांच्या घरी आन् तिच्या दाताचा हप्ता तुमच्या घरी? लोकं काय म्हन्तील?" वडील गोंधळले. तात्याने सुपारी कातरली. "आतलं काम तुमी करा, रोख. वरची कॅप हे बसवतील, लग्न झाल्यावर. बराबर?"

मी मान डोलावली. तेव्हा मी सरकारी नोकरीत होतो, पगार वेळेवर होत होता.

आतलं काम झालेला दात ठिसूळ होतो, कॅप लवकर बसवा, असं डॉक्टरने बजावलं होतं. लग्न लागलं आणि मी म्हणालो, सोयाबीन निघू द्या. मग म्हणालो, दिवाळी होऊ द्या. तात्या भेटला की मला धीर द्यायचा, "घाई काहून करून राहिले? दात काय पळून चालला?" सुनंदा तोंडावर पदर घेऊन हसायची. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, सून मोठी मर्यादशील मिळाली. मी ते कौतुक ऐकून घ्यायचो.

एक दिवस भाजलेलं कणीस खाताना दात हिरडीपाशी मोडला. पुन्हा बैठक, या वेळी आमच्या ओसरीवर. व्याही म्हणाले, "माझं निम्मं मी केलं." तात्याने मला बाजूला घेऊन एक वाक्य शिकवलं होतं, ते मी बोललो: "आतलं कामच कच्चं असंल." व्याह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. तात्याने अडकित्ता काढला. मोडलेल्या दाताचा खर्च निम्मा-निम्मा हे लगेच ठरलं. पण हप्ते कुणाच्या नावावर, यावर गाडी अडली. व्याही मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशीही तेच चालू.

सुनंदाला कुणी काही विचारलं नाही. ती सकाळीच नवऱ्याला घेऊन वसमतला गेली आणि उरलेला खुंट उपटवून आली. काढायला फार पैसे लागत नाहीत. ओसरीवर येऊन तिने कागदाची पुडी तात्यापुढे ठेवली. तोंडात कापूस होता, तरी शब्द स्पष्ट होते.

"घ्या तात्या. वाटा आता."

तात्या खदाखदा हसला. "लई तिखट पोरगी हाय!" त्याच्याबरोबर मीही हसलो. व्याही हसले नाहीत. ते चपला घालून निघून गेले.

पुढे तात्याचे स्वतःचे दात गेले. कवळी त्याने एकरकमी पैसे मोजून करून घेतली, आणि निम्मा खर्च कुणाकडे मागितला नाही. "दाताच्या कामात अर्धवट चालत न्हाई," असं मलाच ऐकवून त्याने माझ्यासमोर उसाचं कांडं सोललं.

शोकसभेहून आलो तेव्हा सुनंदा भांडी पुसत होती. तिच्या केसांत आता पांढरं दिसतं. मी म्हणालो, "चल वसमतला. दात बसवू. सगळा खर्च माझा."

"आता काहून, मामंजी?"

"तात्यानं तवा उगी घोळ घातला..."

तिने हातातलं ताट फळीवर लावलं. "येते. पर डॉक्टरनं इचारलं, दात कसा गेला, तर तुमी सांगायचं."

डॉक्टर आता नवा आहे, पोरगेलासा. त्याने दिवा ओढून घेतला, तिच्या तोंडात पाहिलं आणि तोच प्रश्न विचारला. मी सुरुवात केली, "आमच्या गावात एक तात्या होता..."

सुनंदाने तोंड मिटून घेतलं.

डॉक्टर आरसा हातात धरून थांबला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तात्याला वगळून. फार वेळ लागला नाही. मग तिने तोंड उघडलं.