वाचनालयाच्या दाराचं लाकूड

मिस्त्री शिकवायचे कमी आणि अपमान जास्त करायचे. मलकापुरातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा रंधा हातात धरला, तेव्हा माझं वय बासष्ट होतं. कोयनानगरच्या कचेरीतून निवृत्त झालो होतो आणि मोबाइलवर सुतारकामाचे व्हिडिओ बघून हुरूप आला होता. मिस्त्री माझ्याच वयाचे. फळीवर माझा हात दोनदा फिरलेला पाहून म्हणाले, "आवं सायेब, रंधा हाय त्यो, इस्त्री न्हवं. दाबताय काय?"

'सायेब' हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. मलाही ते आवडत नसत. त्यांना माझी कचेरीतली सवय खुपायची आणि मला त्यांचं तोंड. मग मला घेतलं कशाला, असं एकदा चिडून विचारलं. "दुसरं कोण येतंय शिकायला? पोरं तयार दारं इकत घेत्यात. ऱ्हायलं तुमी."

पहिला महिना त्यांनी मला करवतीला हात लावू दिला नाही. दगडावर पटाशी घासायची, एवढंच. झाली का धार, असं विचारलं की म्हणायचे, "मला काय इचारता? मनगटावरच्या केसाला इचारा." केस सपकन कापला गेला नाही की पटाशी पुन्हा दगडावर. पुढे सांधे करायला लागलो. माझं कुसू, म्हणजे लाकडाचं कोरलेलं टोक, खाचेत सैल बसलं की ते तुकडा उचलून चुलीत घालायचे. "निदान चा तरी उकळंल." एकदा मात्र कुसू नीट बसलं. त्यांनी ते दोनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि खिडकीत ठेवलं. त्या दिवशी मी घरी जरा ताठ चालत गेलो.

लाकूड घ्यायला ते मला एकदा कराडच्या वखारीत घेऊन गेले. तिथे प्रत्येक फळी उचलून ते गालाला लावत. "वलं लाकूड गार लागतंय. वखारवाला खोटं बोलंल, गाल न्हाई बोलायचा." हमाल हसत होते. मी लांब जाऊन उभा राहिलो.

त्याच वर्षी आमच्या आळीतल्या वाचनालयाला नवं दार करायचं ठरलं. मी चिटणीस. काम मिस्त्रींना दिलं, पण लाकूड आणायला मी एकटाच सांगलीला गेलो. इतके महिने शिकलो, एवढं तर जमेल, असं वाटलं. वखारवाल्याने खुर्ची दिली, चहा दिला, "साहेबांना पारख आहे" म्हणाला. चारचौघांत फळीला गाल लावायची मला लाज वाटली. मी नुसतं रंगावरून सागवान निवडलं.

मिस्त्रींनी टेम्पोतच एका फळीला गाल टेकवला. "वलं हाय सायेब. सा म्हैनं उभं करून ठेवा."

"उद्घाटनाची तारीख ठरलीय."

"मग तारीख वाळत घाला."

मी म्हणालो, "तुम्हाला जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बघतो." त्यांना कामाची गरज होती. त्यांनी दार केलं.

उन्हाळ्यात दाराला पीळ पडला. फळ्या तडकल्या, कडी लागेना. कमिटीने मिस्त्रींना बोलावलं. अध्यक्षांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चांगलं लाकूड ठेवून घेऊन भलतंच घातलं काय रं?"

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "सायेब, लाकूड कसं हुतं, तुमी सांगा."

मी म्हणालो, "आणलं तेव्हा तर चांगलं होतं."

मिस्त्री बौद्ध होते. ते कुणी तोंडातून काढलं नाही. पण त्यांनी लाकूड बदललं हे जितक्या चटकन सगळ्यांना पटलं, तितक्या चटकन माझ्याबाबत कुणाला पटलं नसतं. हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. माझी हत्यारं पिशवीत भरून दाराशी ठेवली होती. ते म्हणाले, "माज्याकडं शिकला म्हनून कुटं सांगू नका. मला कमीपना हाय त्यात."

आळीने त्यांना काम देणं बंद केलं, मग गावानेही. शेड मोडून ते मिरजेला मुलीकडे गेले. गेल्या वर्षी वारले.

मी मिरजेला गेलो. त्यांच्या बायकोने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमाला काय सांगताय? आमाला ठावंच हुतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा जावा."

वाचनालयाच्या वार्षिक सभेत हेच सांगायला उभा राहिलो. "माणूस गेला, आता कशाला उकरताय?" म्हणून मला खाली बसवलं. म्हणून हे छापायला देतोय. त्या दाराचं लाकूड मी एकट्याने जाऊन आणलं. ते ओलं होतं. मिस्त्रींनी मला तसं सांगितलं होतं.