गॅसवाल्या सातुरिओच्या तीन गोष्टी

वाल्देसाबिनासमध्ये गॅसचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. चौकात भोंगा वाजतो, बायका खिडकीतून बोटांनी टाक्यांचा आकडा सांगतात आणि सातुरिओ आरान्स नारिंगी टाकी खांद्यावर घेऊन जिना चढायला लागतो. सोरिया प्रांतातल्या या गावात लिफ्ट एकच आहे, तीही दवाखान्यात.

सातुरिओ अठ्ठावन्न वर्षांचा आहे. लग्न झालेलं नाही. आई गेल्यापासून घरात तो एकटाच राहतो. गावातलं प्रत्येक स्वयंपाकघर त्यानं आतून पाहिलेलं आहे, पण ‘बस’ म्हणणारं घर त्यात एकही नाही. "तिथंच ठेव, आणि रिकामी घेऊन जा," एवढंच बोलणं होतं. हे तो तक्रार म्हणून सांगत नाही. टाकी आणणाऱ्याला बसवून ठेवलं तर पुढच्या घरचा स्वयंपाक अडतो, हे त्यालाही पटतं.

संध्याकाळी तो गोष्टी लिहितो. या देशात जवळजवळ प्रत्येक गावाची कथास्पर्धा असते, बहुधा गावच्या जत्रेला जोडून, आणि पद्धत सगळीकडे सारखीच. गोष्टीवर लेखकाचं नाव नसतं, टोपणनाव असतं. खरं नाव, पत्ता आणि ओळखपत्राची प्रत एका बंद पाकिटात घालून सोबत पाठवायची. निकाल ठरला की फक्त विजेत्याचं पाकीट फोडतात. बाकीची न उघडताच फाडून टाकतात, म्हणजे हरणाऱ्याचा बोभाटा होत नाही. विजेत्यानं मात्र स्वतः हजर राहून गोष्ट वाचायची, नाहीतर बक्षीस रद्द.

सातुरिओनं अशी काही बक्षिसं मिळवली आहेत. लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या एका गावात पहिलं, रेल्वे कामगारांच्या संघटनेचं दुसरं, दक्षिणेकडच्या एका तेलगिरणीचं उत्तेजनार्थ. तो बसनं जातो, वाचतो, परत येतो. तिकडे त्याला अहो-जाहो करतात. इथे त्यानं लसणाच्या गावचं बक्षीस पहिल्यांदा सांगितलं ते बारवाल्या फेर्मीनला.

"लसणाच्या गावात? मग काय दिलं, लसणाची माळ?"

"माळही दिली," सातुरिओ म्हणाला. ते खरं होतं. बार त्यावर बराच वेळ हसला, आणि गोष्ट कशावर होती हे विचारायचं राहून गेलं.

मग पंचायतीनं स्वतःची स्पर्धा सुरू केली. खुला विभाग देशभरासाठी, आणि गावच्या लोकांना हुरूप यावा म्हणून एक स्थानिक विभाग. स्थानिक विजेत्यानं ऑगस्टच्या जत्रेत गोष्ट वाचायची. तेव्हा सारागोसा आणि बार्सेलोनाला गेलेली पोरंबाळं गावी आलेली असतात आणि सभागृहात उभं राहायला जागा उरत नाही. सातुरिओला हेच हवं होतं. परक्या गावांत त्यानं पुष्कळ वाचलं होतं. ज्यांच्या जिन्यांवर त्याचे गुडघे झिजले, त्या लोकांनी एकदा खाली बसून त्याचं ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती.

पहिल्या वर्षी शाळेतल्या एका मुलीला बक्षीस मिळालं, आणि ती शिकायला वायादोलिदला गेली. त्यानंतर स्थानिक विभागात दरवर्षी एकच गोष्ट येऊ लागली. टोपणनाव काहीही असलं तरी गावात लिहिणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि दरवर्षी व्यासपीठावरून जाहीर व्हायचं, "स्थानिक विभागात या वर्षी पारितोषिक कुणालाही नाही."

"एकट्यालाच बक्षीस दिलं तर ती स्पर्धा कसली?" सरपंचबाई म्हणत, आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. पुढे त्यांनी नियमच केला: तीन गोष्टी आल्या नाहीत तर स्थानिक विभाग रद्द.

हा पराभव विचित्र होता. सातुरिओ कुणाकडूनच हरलेला नव्हता. पाकीट बंद असल्यामुळे कागदोपत्री त्यानं भाग घेतल्याचं कुणाला माहीत नव्हतं. म्हणून त्याची समजूत घालायलाही कुणी आलं नाही, आणि "माझ्यात काय कमी होतं?" असं त्यालाही कुणाला विचारता आलं नाही. तो उभा राहून खुल्या विभागाच्या विजेत्यासाठी टाळ्या वाजवायचा आणि घरी जायचा.

तीन गोष्टी हव्यात म्हटल्यावर त्यानं टाक्या पोचवता पोचवता लोकांना लिहायला सांगून पाहिलं. लोक हसले. औषधांच्या दुकानातली बाई म्हणाली, "मी लिहिलं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं होईल, कुणाला वाचता येणार नाही." तेव्हा त्यानं तिन्ही गोष्टी स्वतःच लिहायचं ठरवलं. अडचण फक्त नावांची होती. आणखी दोन पाकिटांत गावातल्याच दोन माणसांची नावं आणि ओळखपत्रं लागणार होती. पण ती हरणार, पाकिटं फाडली जाणार, कुणाला काही कळणार नाही. हिशेब पक्का होता.

फेर्मीननं हसत हसत ओळखपत्र दिलं. "माझ्या नावावर काय लिहिणार आहेस?"

"खेचराची गोष्ट. बोलणाऱ्या."

"बोलणारं खेचर? मग माझं नाव शोभतंय."

दुसरं नाव बेनिल्देचं. एकाहत्तर वर्षांची विधवा, चर्चमागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहणारी. ती ओळखपत्र शोधायला आत गेली आणि खण उघडता उघडता बोलत राहिली. नवरा फार घोरायचा. चाळीस वर्षं तिनं त्याच्या नावानं बोटं मोडली. तो गेला आणि शांततेत तिला झोप येईना. आता ती रेडिओ दोन स्टेशनांच्या मधोमध लावून ठेवते. खरखर चालू असली की डोळा लागतो.

"हे बघ, सापडलं. फोटोत मी चोरासारखी दिसते, लक्ष देऊ नकोस."

सातुरिओनं इतक्या वर्षांत गावाच्या स्वयंपाकघरांबद्दल एक ओळ लिहिलेली नव्हती. ज्या घरात टाकी घेऊन जायचं तिथलं बाहेर काढायचं नाही, हा त्याचा स्वतःपुरता नियम होता. म्हणूनच त्याच्या गोष्टी समुद्रावर, दीपगृहांवर, बुडालेल्या जहाजांवर असत. समुद्र त्यानं आयुष्यात दोनदा पाहिला होता. या वर्षीही स्वतःच्या नावाची गोष्ट दीपगृहाचीच होती, वर्षभर घासूनपुसून तयार केलेली. बेनिल्देच्या नावावरची गोष्ट हरण्यासाठीच होती, म्हणून तिच्यावर त्यानं मेहनत घेतली नाही. जे ऐकलं तेच चार पानं साध्या शब्दांत लिहिलं. शेवट तेवढा स्वतःचा घातला: एका रात्री बाई रेडिओ बंद करते आणि शांततेत झोपते. नियम एकदाच मोडला, तोही फाडल्या जाणाऱ्या कागदावर, असं त्यानं मनाला सांगितलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीतून बेनिल्देला फोन गेला. ती जिने उतरून टेम्पोपाशी आली. चपला घरातल्याच होत्या.

"लेकरा, पाकिटं फाडतात म्हणाला होतास."

"हरणाऱ्यांची फाडतात."

"मग मी हरले का नाही?"

"मलाही तेच कळत नाहीये," सातुरिओ म्हणाला.

तिनं गोष्ट मागितली. टेम्पोच्या पायरीवर बसून, पानं लांब धरून तिनं ती वाचली. वाचून होईपर्यंत तो टाक्यांच्या साखळ्या उगाचच आवळत राहिला.

"हे मी तुला ओळखपत्र शोधताना सांगितलं होतं. गोष्टीसाठी नव्हतं सांगितलं."

"हो."

"माझ्या सुनेलासुद्धा माहीत नाही हे."

"तुम्ही नकार देऊ शकता. गेला नाहीत तर बक्षीस रद्द होतं. मग कुणालाच मिळत नाही."

"म्हणजे परत नेहमीसारखं." तिनं पानांची घडी घातली. "आणि तू लिहिलंस असं सांगितलं तर?"

"तरी रद्दच. वर मला कायमचं बाद करतील."

ती पायरीवरून उठली. मग म्हणाली, "वाचते मी. निदान तोंड तरी माझं असेल."

बक्षीस होतं हॅमची एक अख्खी तंगडी, एक फलक आणि वाचनानंतर विजेत्याला सोबत्यासह जेवण. बेनिल्देनं सातुरिओला सोबती म्हणून यायला सांगितलं. त्यानं नको म्हटलं. गॅसवाला तिच्या शेजारी जेवायला बसला तर गोष्ट खरी कुणाची हे गाव लगेच ओळखणार, हे त्याला दिसत होतं. तिनं सुनेला नेलं.

सभागृह भरलं होतं. सातुरिओ मागे भिंतीला टेकून उभा होता. बेनिल्देनं चष्मा लावला आणि वीजबिल वाचावं तशी गोष्ट वाचायला सुरुवात केली, न थांबता, आवाज न चढवता. पहिल्या पानावर माणसं कुजबुजत होती. दुसऱ्या पानावर कुजबुज थांबली. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मान खाली घालून बसला. सातुरिओला आपली वाक्यं ऐकू येत होती, एकेक, त्याच्याच गावात, आणि माणसं ती ऐकत होती. कुणाचंही त्याच्याकडे लक्ष नव्हतं.

शेवटच्या परिच्छेदाशी ती थांबली. चष्मा काढला.

"इथं लिहिलंय की तिनं रेडिओ बंद केला आणि झोपली. तसं नाही झालं. अजून चालूच असतो."

आधी हशा झाला. मग लोक उभे राहिले आणि टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. सातुरिओनंही वाजवल्या. तिचा शेवट त्याच्या शेवटापेक्षा चांगला आहे हे त्याला लगेच कळलं होतं.

दारात शाळेतल्या बाईंनी त्याला गाठलं. त्या परीक्षक होत्या. "पाहिलंस सातुरिओ? असं लिहायचं असतं. साधं. तूही लिहितोस ना काहीतरी?"

"अधूनमधून," तो म्हणाला.

बारमध्ये फेर्मीन घुश्शात होता. गिऱ्हाईक नसलेलं पाहून तो काउंटरवर वाकला. "माझ्या खेचराला काय झालं होतं? एका म्हातारीकडून हरलो मी?"

"तू वाचलीस का ती गोष्ट?"

"वाचायची काय गरज? नाव माझं होतं ना!"

घरी जाऊन सातुरिओनं बटाट्याचं ऑम्लेट केलं. खिडकीतून पंचायतीच्या मांडवातल्या जेवणाचा आवाज येत होता. त्यानं खिडकी लावली नाही.

पुढचे काही महिने तो ज्या स्वयंपाकघरात गेला तिथं लोक बोलायचे. अजूनही त्याला बस म्हणत नव्हते, पण टाकी बसवून होईपर्यंत सांगायचे. कुणाची बहीण दिवा मालवत नाही, कुणाचा बाप मेलेल्या कुत्र्याला हाक मारतो. "बेनिल्देला सांगायला हवं," असं म्हणायचे. आणि तिला जमतं तर आपल्याला का नाही, असंही म्हणायचे. पुढच्या उन्हाळ्यात स्थानिक विभागात टेबलभर गोष्टी आल्या. औषधवाल्या बाईंची होती. फेर्मीननं या वेळी स्वतः लिहिली होती, खेचराचीच.

सातुरिओनंही एक पाठवली, स्वतःच्या नावानं, एकच. समुद्राची नाही. बक्षीस घ्यायला परगावी गेलेला एक माणूस हॉटेलात उतरतो. आयोजकांनी त्याच्यासाठी दोघांची खोली ठेवलेली असते. काउंटरवरची मुलगी विचारते, बाईसाहेब मागून येतायत का? तो हो म्हणतो. सकाळी निघण्याआधी तो पलंगाची दुसरी बाजूही विस्कटतो. एवढीच गोष्ट. ही त्यानं कुणाकडूनही ऐकलेली नव्हती.

आधीच्या वर्षीचा स्थानिक विजेता पुढच्या वर्षी परीक्षक होतो, असाही एक नियम आहे. त्यामुळे सगळ्या गोष्टी बेनिल्देनं वाचल्या. बक्षीस औषधवाल्या बाईंना मिळालं, आणि त्यांची गोष्ट खरोखर चांगली होती. वाचन संपल्यावर पंचायतीच्या कारकुनानं बाकीची पाकिटं व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभं राहून फाडली. लोक जेवायला गेले. सातुरिओ खुर्च्या आवरायला थांबला होता. बेनिल्दे त्याच्यापाशी आली.

"या वर्षी तू पाठवली नाहीस होय रे? मी शोधत होते. समुद्राची एकसुद्धा नव्हती."

त्यानं हातातली खुर्ची दुसरीवर ठेवली.

"एक होती हॉटेलातल्या खोलीवर," ती म्हणाली. "इथलं कोण रे हॉटेलात राहायला जातं? औषधवाल्या बाईंच्या नवऱ्याची असणार. बरी होती. पण मी मत नाही दिलं. जत्रेच्या दिवशी इतकं एकटं माणूस कोण ऐकून घेणार?"

"खरंय," सातुरिओ म्हणाला.

"मग? का नाही पाठवलीस?"

"या वर्षी वेळच झाला नाही."

"पुढच्या वर्षी पाठव हं, लेकरा," ती म्हणाली आणि सून हाक मारत होती तिकडे गेली.