उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस

त्या हॉलमध्ये उपचाराची गरज एकाच माणसाला होती, आणि आम्ही सगळ्या तज्ज्ञांनी मिळून त्याला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस दिलं. हे आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

कापसाच्या गावांतून रोज वाईट बातमी यायची, ते दिवस. मुंबईत कुणाला तरी शोध लागला की वऱ्हाडाचं दुःख शेतात नसून बाटलीत आहे. लगेच अमरावतीला प्रशिक्षण निघालं. व्यसनी माणसाची तपासणी कशी करायची, त्याच्या उपचाराचा आराखडा कसा बांधायचा, हे दोन दिवसांत शिकायचं. मी अकोल्याच्या एका संस्थेत समुपदेशक, म्हणून मलाही पाठवलं. प्रशिक्षक पुण्याचे. त्यांच्यासमोर आमच्यातले भलेभले 'मले-तुले' गिळून 'मला-तुला' करू लागले. दारू एकदम बंद केली की हात कापतात, घाम फुटतो, झटके येऊन माणूस जाऊही शकतो, असं सरांनी पडद्यावर दाखवलं. आम्ही शाळकरी पोरांसारखं खाली मान घालून उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर नाटुकलं होतं. एकानं पेशंट व्हायचं, एकानं समुपदेशक. चांदूर बाजारकडचा एक आरोग्यसेवक पेशंट व्हायला आपणहून उठला. पन्नाशीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, तोवर कुणाशी शब्द बोललेला नाही. समुपदेशक मी झाले.

"काय त्रास होतो, दादा?"

"सकाळी घेतल्याबिगर हात थांबत नाई, ताई. पोरगी मले चहाचा कप देत नाई आता. सांडता म्हणते."

हॉल खदखदून हसला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मांडीवरची बोटं थरथरत होती. "देहबोली बघा, देहबोली!" सर म्हणाले. मग सगळ्यांनी मिळून त्याचा आराखडा केला. आधी भरती, मग औषधं, बायकोला बोलावून घेणं, घरी गेल्यावर पुन्हा भेटी. इतका देखणा आराखडा पुढे कुठल्याही खऱ्या रुग्णाच्या वाट्याला आलेला मी पाहिला नाही.

सरांची एक पद्धत होती. नाटुकलं संपलं की पात्रानं भूमिका उतरवून ठेवायची. म्हणजे सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं, मी दारू पीत नाही, मी आरोग्यसेवक आहे.

तो म्हणाला, "मी आरोग्यसेवक हाओ."

"आणि पहिलं वाक्य?"

"ते कसं म्हणू, सर? भरती कवा करता, ते सांगा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. समारोपात त्याला शाल पांघरली, नारळ दिला. नारळ काही त्याच्या हातात ठरेना. तो घरंगळत खुर्च्यांखाली गेला, तेव्हा पहिल्या रांगेतले एक तरुण डॉक्टर डोळे पुसून पुसून हसत होते. मला मात्र आता भीती वाटायला लागली होती. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं.

"नाटक नाई करून राहिलो, ताई," तो म्हणाला. "बायकोले सांगून आलो, तिथं मोठे डॉक्टर राहतीन, कोणी ना कोणी वळखन."

मी सरांना गाठलं. त्यांची गाडीची वेळ झाली होती. "फार चांगलं निरीक्षण," ते म्हणाले, "अभिप्रायात जरूर लिहा." माणूस असा हसत हसत अंग काढून घेतो, की त्याच्यावर धड ओरडताही येत नाही.

मी त्याला ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. ड्यूटीवर नेमके तेच तरुण डॉक्टर, समारोपातून थेट आलेले.

"या कलाकार," ते म्हणाले. "इथंही प्रयोग हाय काय?"

"आधी त्यांचा हात हातात घ्या," मी जवळजवळ खेकसलेच.

त्यांनी हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आज किती घेतली?"

"घेतलीच नाई, सायेब," तो म्हणाला. "पिऊन ट्रेनिंगले कसं बसावं? परवापासून बंद हाय."