उजव्या बाजूची खरखर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या कुठल्या बनियनला कुठं भोक आहे तेही ठाऊक असतं. तुम्हाला सांगतोय, कारण मागच्या आठवड्यापासून स्वतःचा राग राग येतोय.

आधी साधं ते सांगतो. मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी कान वाहायचा, आईनं कोमट तेल घातलं, मावशीनं लसणाचा रस घातला, आणि चौथीत असताना तो कायमचा बंद पडला. यात लाजायचं काय? काहीच नाही. तरी लपवलं. आणि मोठेपणी मी काय व्हावं? गाण्याचा जाणकार! एका कानावर स्टिरिओचा शौक! आवाज डावीकडून येतो की उजवीकडून हेच ज्याला उमगत नाही, तो माणूस अख्ख्या मेहकरला सांगत फिरायचा — तबला डाव्या हाताला वाजला पाहिजे, सतार उजव्या. मासिकं वाचून पाठ केलं होतं सगळं.

ऐकताना मी मान वाकडी करायचो, डावा कान पुढं यावा म्हणून. कोंबडी दाण्याकडं बघते तशी. लोकांना वाटायचं, काय तल्लीनता! मी शाळेत भूमिती शिकवतो. आमच्या शिक्षकखोलीतले दोघं तर तशीच मान करून गाणी ऐकायला लागले. मी त्यांना अडवलं का? छे. अजून थोडी तिरपी करा म्हणालो.

तर — ॲम्प्लिफायर. चार वर्षांपूर्वी मला घरच्या स्टिरिओसाठी तो घ्यायचा होता. ताकदीचा हवा आणि खरा हवा. आवाज कितीही वाढवला तरी गायकाचा गळा गायकाचाच राहिला पाहिजे, असं मी चारचौघांत ऐकवायचो. एक कंपनीचा आणला, अकोल्याहून, पसंत पडला तर ठेवायच्या बोलीवर. दुसरा प्रल्हादभाऊनं बनवला होता. बसस्टँडच्या मागं त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. तीन महिने खपला होता तो. ट्रान्सफॉर्मरची तार स्वतः गुंडाळली, पेटी जुन्या सागवानी दाराची केली. मला म्हणाला, "सर, तुम्ही हाव म्हना फक्त. मंग दुरुस्ती सोडून हेच बनवतो. चार गिऱ्हाईक तुमच्या कानासाठी थांबून राह्यले."

माझ्या कानासाठी. ऐकलंत ना?

रविवारी दुपारी माझ्या घरी परीक्षा ठेवली. खिडक्या बंद, मध्ये पांढरी चादर बांधलेली, चादरीमागं दोन्ही ॲम्प. आमचे चित्रकलेचे मास्तर विनायक आलटून पालटून लावणार आणि मी न बघता सांगणार, कोणता चांगला. खोलीत सात-आठ जण. प्रल्हादभाऊ दाराशी, खुर्ची देऊनही खालीच बसलेला. मी मान वाकडी केली. पहिला वाजला. दुसरा वाजला. मला काय फरक कळला? काडीचा नाही. दोन्ही झकास वाजत होते! "दोन्ही छान आहेत, प्रल्हादभाऊ" — एवढं म्हणालो असतो तर कुणी मला फासावर दिलं असतं? पण जाणकारानं असं म्हणायचं असतं का!

विनायकनं पुन्हा पहिला लावला, तेवढ्यात चादरीतून निळा उजेड दिसला. कंपनीच्या ॲम्पचा दिवा निळा, प्रल्हादभाऊच्याचा लाल. म्हणजे पेपर फुटला, आणि फोडणारा मास्तरच. आता मी हवं ते निवडू शकत होतो. लाल म्हणू शकत होतो. भ्यालो. बसस्टँडमागच्या मेकॅनिकची पेटी कंपनीला भारी आहे, हे म्हणायला स्वतःच्या कानावर भरवसा लागतो. तो मी कुठून आणणार होतो? निळं निवडलं. तिथंच थांबायचं ना — पण नाही, मला कारणही द्यायचं होतं. म्हणालो, "लालवाल्यात... म्हणजे दुसऱ्यात, वरच्या सुरांत खरखर आहे. अगदी बारीक. उजव्या बाजूला."

उजव्या बाजूला! माझ्या बहिऱ्या बाजूला! मला हरामखोराला खोटं बोलायलाही तीच बाजू सापडली.

जीभ घसरली तेही कुणाच्या लक्षात आलं नाही. विनायक तर मांडीवर थाप मारून ओरडला, "काय कान आहे बे याचा!"

पुढच्या दोन महिन्यांत प्रल्हादभाऊ ती पेटी स्कूटरला बांधून तीनदा माझ्याकडं आला. "आता पाहा बरं, सर. उजव्या बाजूचे सारे पार्ट बदलले." मी मान वाकडी केली. "अजून आहे थोडी." दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा का? "गेली" म्हणालो असतो तर माझं काय बिघडणार होतं? एक शब्द. तोही दिला नाही मी त्याला.

मग तो बुलढाण्याला जाऊन स्वतःचे कान तपासून आला. कागद माझ्यापुढं धरला. "डॉक्टर म्हनते कान चांगले हायेत. पन त्या मशीनचं काय खरं? तुम्हाले आयकू येते, मले नाही येत. ज्याले खरखरच समजत नाही, त्यानं लोकाइले हे बनवून देऊ नाही. बरं झालं सर, वेळेवर सांगतलं." पेटी खोलून त्यानं भाग विकून टाकले. आता तो कूलर आणि मिक्सर दुरुस्त करतो. चांगल्या कानांचा माणूस!

मागच्या आठवड्यात आमच्या कूलरसाठी तो आला. निळ्या दिव्याचा ॲम्प चालू होता. स्क्रू फिरवता फिरवता प्रल्हादभाऊ थांबला.

"सर, उजवा स्पीकर बंद हाये तुमचा."

कधीपासून? मला काय ठाऊक! दिवाळीच्या साफसफाईपासून असेल. आता तरी बोलायचं होतं. तो समोर होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी मान वाकडी केली आणि म्हणालो, "मुद्दाम बंद ठेवलाय."

त्यानं स्पीकरकडं एकदा पाहिलं. "असन," म्हणाला, "तुम्हाले समजते त्यातलं," आणि पुन्हा कूलरमध्ये डोकं घातलं.

तो गेल्यावर मागं जाऊन पाहिलं. वायर निघाली होती. बसवली. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, मान सरळ ठेवून.

मला काहीच फरक कळला नाही.