लोकपाल चारच

वैशाख पौर्णिमा आली की मला आयर्लंडमधल्या किलकेनीतला तो भाड्याचा हॉल आठवतो, ओल्या कोटांचा आणि उदबत्तीचा वास एकत्र झालेला. २०१६ साल असावं. मुलांकडे राहायला आलेले आम्ही चार म्हातारे दर रविवारी तिथे बुद्धवंदनेला जमायचो, आणि चार दिशा राखणाऱ्या लोकपालांवरून मीच आमचं नाव ‘चार लोकपाल’ ठेवलं होतं. त्या पौर्णिमेला लातूरकडचे एक नवे गृहस्थ सगळ्यांसाठी खीर करून घेऊन आले. फोटोच्या वेळी ते संकोचत आमच्या शेजारी उभे राहिले, तेव्हा मी म्हणालो, “अहो, लोकपाल चारच! पाचवी दिशा कुठून आणायची?” सगळे हसले. “बराबर हाय दादा, आणा इकडं, मीच काढतो फोटो,” म्हणत तेही हसले. पुढच्या रविवारपासून ते आले नाहीत. त्यांच्या सुनेने मला फोन केला, “काका, बाबांना तिथे कुणी काही बोललं का? इथे त्यांना दुसरं कुणीच नाही हो.” मी म्हणालो, “छे, थंडी सोसत नसेल त्यांना.” इतरांनाही तेच सांगत राहिलो. आता ते खोटं सांभाळायचाही थकवा येतो, म्हणून लिहून ठेवतो: त्यांना मी बोललो होतो.