साडूभाऊंची चौकशी खिडकी

आमच्या साडूभाऊंइतका ऐकणारा माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याचंही ऐकून घ्यायला साडूभाऊच लागतील. तीस वर्षं ते एसटीच्या चौकशी खिडकीत बसले. बाहेर हॉर्न, फेरीवाले, लेकरांची रडारड. अशात पाथरी विचारणाऱ्याला पूर्णेची वेळ सांगितली की झाला घोटाळा. म्हणून प्रवाशाचा प्रश्न आधी त्यालाच परत ऐकवायचा, त्यानं मान हलवली की मगच उत्तर द्यायचं, अशी त्यांनी सवय लावून घेतली. एकदा एक गृहस्थ खिडकीवर हात आपटून म्हणाले, "माजी गाडी गेली, आन् तुमी आत झोपा काढायलाव का?" साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "म्हंजी तुमची गाडी गेली, आन् आमी झोपा काढायलाव, असं तुमचं म्हणणं. पहिलं बरोबर हाय. दुसरं एकदा बघून घ्या." गृहस्थांनी खिडकीवरचा हात काढला आणि पुढच्या गाडीची वेळ विचारली.

नोकरी संपली, खिडकी सुटली, सवय काही सुटली नाही. जिंतूरच्या घरी मेव्हणी करवादायची, "घरात भाजी न्हाई, आन् तुमी पेपर वाचायलाव." की पेपराआडून आवाज यायचा, "म्हंजी भाजी संपली, आन् राग पेपराचा आलाय. बरोबर?" मेव्हणी आम्हाला सांगायची, "ह्यांच्यासंगं भांडायला बसावं, तर भांडण निम्म्यातच शिळं होतंय." सांगायची चिडून, पण इतक्या वर्षांत ती रुसून माहेरी गेल्याचं कुणाला आठवत नाही. माझ्या घराबद्दल मी एवढं छातीठोकपणे बोलणार नाही. मी पडलो मास्तर. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याला गुण देऊन मोकळा.

याच गुणानं मी धाकट्या भावाशी पाच महिने अबोला धरला. पुतणीच्या साखरपुड्याचं आवतन आमच्या गावात, चुडाव्यात, घरोघर गेलं. मला, सख्ख्या थोरल्या भावाला, नुसता फोन. "दादा, रविवारी हाय बरं." मी गेलो नाही. बघता बघता लग्न आठ दिवसांवर आलं. जिचा हात धरून मी पहिलं अक्षर गिरवून घेतलं, तिच्यावर अक्षता माझ्याविना पडणार, या विचारानं घास उतरत नव्हता, पण ताठाही जात नव्हता.

तेव्हा साडूभाऊ न बोलावता आले आणि मला जवळजवळ ओढतच भावाच्या ओसरीवर घेऊन गेले. दोघांच्या मधे बसून त्यांनी खिडकीचा नियम सांगितला. "दुसऱ्याचं बोलणं आदी त्याला परत ऐकवायचं. त्यो बरोबर म्हणला, तरच आपलं बोलायचं."

मी म्हणालो, "साऱ्या गावाला आवतन गेलं, मला न्हाई."

भाऊ म्हणाला, "दादा म्हणायलाय, मी त्याला इसरलो."

"इसरलास म्हणालो न्हाई मी," मी उसळलो.

"चुकलं. पुन्यांदा," साडूभाऊ म्हणाले. तिसऱ्या खेपेला भावाला माझं वाक्य जसंच्या तसं म्हणता आलं. मग त्याची पाळी आली.

"आवतन पावण्याला देतेत," तो खाली बघत म्हणाला. "दादाला दिलं असतं, तर दादा पावणा झाला असता. त्या दिवशी सुपारी फोडायची थांबवून मी दारात हुबा होतो."

आता हे मला म्हणायचं होतं. "आवतन पावण्याला देतेत," इथवर ठीक गेलं. "दादाला दिलं असतं, तर दादा..." आणि तिथंच थांबून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आयुष्यभर पोरांकडून पाठ म्हणून घेतलेला मी, मला एक वाक्य पुरं होईना. साडूभाऊंनी जराही घाई केली नाही. "सावकाश, गुरुजी," ते म्हणाले. "गाडीला टाइम हाय."

लग्नात दारात उभा राहून पाहुण्यांचं स्वागत मीच केलं.

गेल्या उन्हाळ्यात मेव्हणी गेली. आम्ही दोघे भाऊ मिळून जिंतूरला गेलो. साडूभाऊ घडी न मोडलेला पेपर मांडीवर घेऊन बसले होते. त्यावरून हात फिरवत म्हणाले, "गुरुजी, आता दिवसभर पेपर वाचला तरी कुणी काई म्हणत न्हाई."

समजुतीची चार वाक्यं माझ्या तोंडाशी आली होती. ती मी गिळली.

"म्हंजी दिवसभर पेपर वाचला, तरी आता कुणी काई म्हणत न्हाई," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली. "बरोबर," म्हणाले, आणि मग डोळ्यांना रुमाल लावला.