ताईने शिवलेला अंबाडा

ताईला शेवटचं भेटलो तेव्हा मी तिचे केस बांधत होतो आणि ते मला बांधता येत नव्हते. परळच्या इस्पितळात तिला कसल्याशा तपासणीला न्यायचं होतं. सिस्टर म्हणाली, "काका, आजींचे केस वर घ्या, पिना नकोत, आत धातू चालत नाही." मी रबर दोनदा गुंडाळलं, तिसऱ्या वेळी ते माझ्याच बोटांत अडकलं. ताई डोळे मिटून पडली होती, तरी हसली. "साठ वर्सांचो झालंस, एक शेंडी बांधूक येणा नाय तुका," म्हणाली. मग जरा थांबून, "मानसीक पाठव." मानसी ही माझी मुलगी, तिची एकुलती एक भाची. मला लागलंच ते. दोन दिवस उशाशी बसलो होतो मी, आणि बोलावणं मात्र पोरीला! मानसी आली, अर्धा तास दोघी पडद्याआड कुजबुजत होत्या आणि मी बाहेर बाकावर. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली. त्या अर्ध्या तासात काय बोलणं झालं ते मला पंधरा दिवसांनी कळलं, आणि तेव्हापासून मी ताईवर रागावलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. लिहितो. पण रागही लिहिणार आहे, कारण तो खरा आहे आणि तिच्याशी भांडायची आता दुसरी काही सोय उरलेली नाही.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे माझ्या शाळेच्या डब्यापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत सगळं तिनेच केलं, स्वतःचं लग्न मात्र राहून गेलं. ते राहिलं की तिने राहू दिलं, हे मी कधी विचारलं नाही. दिवसा ती औषधांच्या कारखान्यात पाकिटांना लेबलं लावायची आणि संध्याकाळी गिरणी कामगारांच्या नाटकांत केशभूषा करायची. तिथे ती एक गोष्ट शिकली. नटीचा अंबाडा पिनांनी धरत नसे ती, काळ्या दोऱ्याने शिवून टाकायची. बोथट सुई, दुहेरी दोरा, अंबाड्याच्या कडेने आतल्या आत टाके आणि शेवटी मानेच्या बाजूला एक गाठ. "पीन बघणाऱ्याक दिसता आणि घालणाऱ्याक टोचता," म्हणायची, "दोरो कोणाक कळणा नाय." तिसऱ्या अंकात सासू सुनेला झिंज्या धरून फरफटत न्यायची, तरी अंबाडा जागचा हलायचा नाही. पुढे ती नाटकं बंद पडली आणि सुई-दोरा फडताळात गेला.

तो बाहेर निघाला मानसीमुळे. पोरगी सहा वर्षांची असताना तिला मी दादरला जिम्नॅस्टिक्सला घातलं. माझ्या बायकोची इस्पितळात सकाळची ड्युटी, म्हणून लालबागहून नेणं-आणणं माझ्याकडे आणि केस ताईकडे. पहिल्याच स्पर्धेत मानसीच्या पिना मॅटवर सांडल्या, एक पाठीत रुतली, पोर रडत घरी आली. ताईने ते डोकं उलटसुलट करून पाहिलं आणि फडताळ उघडलं. बाजारातली जेल तिला पटेना. वास येतो, खाज सुटते, मग पोर डोक्यात हात घालते. ती जवस उकळून गाळायची आणि तो चिकट रस फणीने केसांना लावायची. अंबाडा कुठे बसवायचा याचाही तिने अभ्यास केला. फार वर घेतला तर कोलांटीत जमिनीला लागतो, फार खाली घेतला तर मान मागे टाकता येत नाही. त्यासाठी साठीच्या घरातली ही बाई चटईवर स्वतः डोकं टेकवून बघत होती, आणि मी हसत होतो. तो अंबाडा इतका पक्का बसायचा की घरी आल्यावर कात्रीने दोरा कापल्याशिवाय सुटायचा नाही. बघता बघता क्लासच्या इतर मुलीही येऊ लागल्या. स्पर्धेच्या दिवशी पहाटेपासून आमच्या गॅलरीत माझगाव, वरळी, ठाकूरद्वार कुठकुठच्या पोरी केस मोकळे सोडून रांगेत बसलेल्या असायच्या. ताईच्या हातचा अंबाडा सुटला असं कधी झालं नाही. म्हणजे एकदाच झालं, आणि तो माझ्याच मुलीचा.

मानसी तेव्हा अकरा वर्षांची होती. राज्याच्या संघाची निवड होती. निवड झालेल्या मुली दुसऱ्या शहरातल्या निवासी केंद्रात जाणार होत्या. राहणं, शाळा, सराव, सगळं तिथेच. मी महिनाभर आधीपासून हवेत होतो. चाळीत सांगून मोकळा झालो होतो, ट्रंकसुद्धा बघून ठेवली होती. त्या दिवशी पोरीने बीम, म्हणजे उंच अरुंद पट्टीवरची कसरत, असा केला की क्लासच्या सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. राहिला होता फक्त फ्लोअर, मॅटवर संगीताच्या तालावर मारायच्या उड्या, तिचा हातखंडा. संगीत सुरू झालं, पहिली उडी झाली, दुसरी झाली... आणि अंबाडा उलगडला. दोऱ्याचं टोक लोंबलं, केस तोंडावर आले, मानसी मध्येच थांबली, दोन्ही हात डोक्याला. शेवटची उडी राहूनच गेली. यादी लागली तेव्हा आमचं नाव तीत नव्हतं.

सर वैतागले होते. चारचौघांत म्हणाले, "घरच्या म्हाताऱ्यांकडून कसले केस बांधून आणता? पार्लरमध्ये न्यायचं ना!" माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या ताईच्या हाताला नाव ठेवतो म्हणजे काय? नाही नाही ते बोललो मी त्या माणसाला, त्याचं शिक्षण काढलं, आणि तिथल्या तिथे पोरीचं नाव क्लासातून कमी केलं. ताईसाठी भांडलो मी. ताई माझ्या बाजूलाच उभी होती, पदराचं टोक चाळवत. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "दोरो जुनो होतो रे, कुजलो असतलो." मी ते मानलं नाही. मी खापर फोडलं मानसीवर. तूच डोक्यात हात घातला असशील, तुझंच लक्ष नव्हतं, घरादाराच्या मेहनतीवर पाणी ओतलंस. महिना-दीड महिना बोललो नाही तिच्याशी, आणि पुढेही वर्षानुवर्षं, परीक्षेत दोन मार्क कमी पडले की ते फ्लोअरचं काढायचो. ताई तिथेच भाजी निवडत असायची. एकदाही मान वर केली नाही तिने.

तर पंधराव्या दिवशी. भेटायला आलेल्या मंडळींना मी ताईचं कौतुक सांगत होतो, आणि सवयीने बोलून गेलो, "एकच अंबाडा सुटला तिच्या हातचा, तोही आमच्या बाईसाहेबांच्या धांदरटपणामुळे." मानसी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आता ती बावीस वर्षांची आहे, फिजिओथेरपी शिकते. तिने सगळ्यांना चहा दिला, आणि मंडळी गेल्यावर दार लोटून माझ्यासमोर बसली.

"बाबा, आत्याने त्या दिवशी शेवटची गाठ मारलीच नव्हती. मीच सांगितलं होतं तिला."

मला आधी काही समजेचना. ती सांगत गेली. तिला घर सोडून जायचं नव्हतं. आधी तिने स्वतःच पडायचं ठरवलं होतं. "सरावात करून बघितलं, बाबा. मुद्दाम पडताच येत नाही. पाच वर्षं अंगाला न पडायचंच शिकवलेलं, ते आपलं आपण सावरतं." मग ती आत्याकडे गेली. आत्याने एक अट घातली, बीमवर काही करायचं नाही, मान मोडेल. बीमसाठी नेहमीसारखं पक्कं शिवलं. फ्लोअरच्या आधी तोंड धुवायला म्हणून नेलं, दोरा कापला, पुन्हा टाके घातले आणि टोक तसंच सोडून दिलं. इस्पितळात ती हेच म्हणाली होती, "आता बापाशीक सांगून टाक. पण माझ्या माघारी. त्येचा बोलणा माका सोसवाचा नाय."

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो. आवाज चढलाच होता.

"सांगितलं होतं. तीनदा. दरवेळी तुम्ही म्हणालात, आधी केस बांधून घे, उशीर होतोय."

मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण पोरगी खोटं बोलत नाही हे मला माहीत आहे. आणि तरी मला फसवलं गेलं आहे, हेही तितकंच खरं. ज्या बाईने मला वाढवलं तिने माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच घरातल्या दोऱ्याने हे केलं. मी तिच्या अब्रूसाठी भांडत होतो तेव्हा ती गप्प राहिली. त्याहून मला सलतं ते दुसरंच. अकरा वर्षं मी पोरीला बोल लावत राहिलो आणि ताईने तेही लावू दिले. एक शब्द, एक शब्द बोलली असती तर मी ताईवर ओरडलो असतो, आठ दिवस जेवलो नसतो, आणि पोर सुटली असती. माझ्या आरडाओरड्याला ती इतकी घाबरत होती? मला वाटायचं, घरात मला कोणी घाबरत नाही. आणि सांगायची वेळ आली तेव्हाही स्वतः निघून गेली, भाचीला पुढे करून. ताई, हे बरं नाही केलंस.

हा लेख इथे संपणार होता. पण गेल्या रविवारी सकाळी दार वाजलं. वरळी कोळीवाड्यातली एक बाई, हातात फणी, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी, पाठभर मोकळे केस. स्पर्धा होती. ताई गेल्याचं तिला ठाऊकच नव्हतं. ऐकून ती उंबऱ्यातच बसली, डोळ्यांना पदर लावला, आणि पोर कावरीबावरी होऊन आमच्याकडे बघत राहिली. मानसी उठली. "ये गं," म्हणाली, तिला पाटावर बसवलं, सुईत दोरा ओवला. पण केसांना हात लावायच्या आधी ती पोरीच्या समोर जाऊन उकिडवी बसली.

"आज खेळायचंय तुला? आईकडे नको बघू. मला सांग."

पोरीने मान हलवली.

"तोंडाने."

"खेळायचंय."

"मग घट्ट शिवते."

हे काय नवीन, असं मी विचारलं. "नवीन नाही, बाबा," मानसी भांग पाडता पाडता म्हणाली, "आत्या प्रत्येकीला विचारायची. प्रत्येक वेळी." उंबऱ्यातली आईही हो म्हणाली. तिला माहीत होतं. चाळीतल्या बायकांनाही माहीत असणार. केस बांधून होईपर्यंत मी नेहमी गॅलरीत उभा राहायचो, टॅक्सी मिळेल का बघत, आणि आतून काय बोलणं चाललंय ते मला कधी ऐकू आलं नाही. ताईचा इतका राग मला आजवर कधीच आला नव्हता. एवढ्या परक्या पोरींना विचारत होतीस गं... मग मला एकदा आत बोलावून, समोर बसवून, हा प्रश्न कसा विचारतात ते का नाही दाखवलंस?